गाठ दिसली नाही, म्हणजे गाठ नाही का?



तोंडाच्या आरोग्यावरचा आमचा कार्यक्रम तुम्ही ऐकलात. त्यानंतर आम्ही एका वस्तीवर बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. बैठक संपली, चहा झाला, आणि दोघी जणी मागे थांबल्या.

पहिली म्हणाली, "ताई, माझ्या जावेला छातीत गाठ निघाली. बारीक होती, बोराएवढी. ऑपरेशन झालं. पण डॉक्टर म्हणाले, काखेची सोनोग्राफी चांगली आहे, काखेला हात लावत नाही. आता घरात सगळे म्हणतात, अर्धंच ऑपरेशन केलं."

दुसरी म्हणाली, "आमच्या आईचं उलटं झालं. तिला मिश्रीची सवय. गालात जखम झाली, ती कॅन्सरची निघाली. मानेच्या सोनोग्राफीत काही आलं नव्हतं. तरी डॉक्टरांनी मान चिरून आतल्या गाठी काढल्या. रिपोर्ट चांगला होता, तर मान कशाला चिरली?"

दोघींच्या रिपोर्टवर एकच गोष्ट लिहिली होती, संशयास्पद गाठी दिसत नाहीत. तरी एकीची काख तशीच ठेवली आणि दुसरीची मान उघडली. दोन्ही घरांत शंकाही एकच, कुठेतरी आपल्याला फसवलं. आम्ही दोघींचे कागद घेतले, जाणकार डॉक्टरांना दाखवले, आणि या विषयावर जे मिळेल ते वाचलं. दोन्हीकडे योग्य तेच झालं होतं. ते योग्य कसं, हे समजायला मात्र सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. आज तीच हकिगत सांगणार आहोत.

आधी गाठ म्हणजे काय ते पाहू. पायात काटा मोडला आणि तो पिकला की जांघेत गाठ येते. आपल्या आज्या त्याला अवधाण म्हणायच्या. हाताला विळा लागला की काखेत येते, दाढ किडली की जबड्याखाली येते. या गाठी नव्याने उगवत नाहीत, त्या आधीपासून तिथेच असतात. डॉक्टर त्यांना लसिकाग्रंथी म्हणतात. शरीरात त्या पाचशे-सहाशे तरी आहेत, बहुतेक मसुराच्या दाण्यापासून घेवड्याच्या बीएवढ्या. शरीरातलं जास्तीचं पाणी, ज्याला लसिका म्हणतात, ते बारीक बारीक पाटांनी वाहत या गाठींत येतं, तिथे गाळलं जातं आणि पुढे रक्तात मिसळतं. जंतू आले तर गाठ त्यांच्याशी झुंजते, म्हणून सुजते.

कॅन्सरच्या पेशीही याच पाटांनी पसरतात. स्तनातून निघाल्या तर बहुधा आधी काखेत पोहोचतात, गालातून किंवा जिभेतून निघाल्या तर मानेत. म्हणून कॅन्सर सापडला की डॉक्टरांचा पुढचा प्रश्न असतो, तो गाठीपर्यंत गेला आहे का? या एका उत्तरावर ऑपरेशन किती मोठं करायचं, रेडिएशन द्यायचं का, औषधं कोणती, हे सगळं ठरतं.

पूर्वी हे उत्तर मिळवायचा एकच खात्रीचा मार्ग होता. गाठी कापून काढायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीचे रुडॉल्फ फिरशो यांनी मांडलं की लसिकाग्रंथी म्हणजे गाळणी आहे, ती कॅन्सरला काही काळ अडवून धरते. त्या विचाराला धरून अमेरिकेत बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन बसवलं. पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. १८९४ मध्ये त्यांनी पन्नास स्त्रियांची हकिगत छापली. त्यांचं म्हणणं साधं होतं. कॅन्सर एका दाराने बाहेर पडतो, ते दार काखेत आहे, तर दारासकट सगळं काढून टाका. त्या काळात गाठी फार मोठ्या झाल्यावरच बायका दवाखान्यात येत. त्या मानाने या ऑपरेशननंतर छातीवर रोग पुन्हा उगवण्याचं प्रमाण बरंच कमी झालं. म्हणून पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर हेच ऑपरेशन चाललं.

पण त्याची किंमत बायकांनी हाताने मोजली. काखेतल्या सगळ्या गाठी गेल्या की हाताचं पाणी वाहून जायची वाट बंद होते. हात सुजतो, जड होतो, कातडी घट्ट होते. हत्तीरोगात पाय सुजतो, त्याच जातीची ही सूज. बांगडी चढत नाही, पोलक्याची बाही शिवणीत उसवते, भाकरी थापताना हात भरून येतो, खुरपं धरवत नाही. आजही काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या साधारण पाच जणींत एकीला अशी सूज येते. आणि ज्यांच्या गाठी काढल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या गाठींत कॅन्सर नव्हताच. केवळ खात्री करून घ्यायची म्हणून त्यांचा हात गेला.

मग काखेत बोटांनी चाचपून कळत नाही का? काही वेळा कळतं, काही वेळा नाही. अमेरिकेत १९७१ ते १९७४ या काळात बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळाशेहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास सुरू केला. ज्यांच्या काखेत बोटाला काही लागत नव्हतं, त्यांचे तीन गट केले. एका गटाच्या गाठी काढल्या, दुसऱ्याला गाठी न काढता काखेला रेडिएशन दिलं, आणि तिसऱ्या गटाचा फक्त स्तन काढून काख तशीच ठेवली. ज्यांच्या गाठी काढून तपासल्या, त्यांच्यातल्या शंभरातल्या चाळीस जणींच्या गाठींत कॅन्सर निघाला. म्हणजे अनुभवी डॉक्टरांच्या बोटांना दर दहांतल्या चौघींचा कॅन्सर कळलाच नव्हता.

खरं आश्चर्य पुढे आहे. पंचवीस वर्षांनंतरचा हिशेब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांतल्या स्त्रिया जगण्याच्या बाबतीत सारख्याच निघाल्या. काख तशीच ठेवलेल्यांपैकी पाचांतल्या एकीपेक्षा थोड्या कमी जणींच्या काखेत पुढे गाठ वाढली, तेव्हा ती काढली. पण आधीच सगळं काढलं म्हणून जास्त जणी जगल्या, असं झालं नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काख हे दार नव्हतं, तो रस्त्यावरचा मैलाचा दगड होता. रोग कुठवर आला हे तो सांगायचा. पण दगड उपटल्याने रोग थांबत नव्हता.

दगड फक्त वाचायचाच असेल, तर तो न चिरता वाचता येईल का? आजच्या विषयाचं मूळ या प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न फिशर यांच्या अभ्यासाच्याही आधीपासून डॉक्टरांना छळत होता.

एक्स-रेचा शोध १८९५ चा. पण साध्या एक्स-रेमध्ये या मऊ गाठी आजूबाजूच्या मांसात हरवून जातात. १९५२ मध्ये लंडनचे जॉन किनमाँथ यांनी एक युक्ती छापली. पायाच्या बोटांमध्ये निळा रंग टोचायचा. रंग बारीक लसिकावाहिनीत शिरला की ती दिसू लागते. मग पावलावर छोटी चीर देऊन त्या केसासारख्या नळीत सुई घालायची आणि एक्स-रेवर उठून दिसणारं द्रव्य अगदी हळूहळू सोडायचं. पुढे त्यासाठी तेलकट द्रव्य वापरू लागले. ते तासन्तास वर चढत जाई आणि पोटातल्या, ओटीपोटातल्या गाठी फोटोत उमटत. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्येही ही तपासणी पुष्कळ वर्षं केली गेली. कॅन्सरने गाठीचा एखादा कोपरा खाल्ला असेल तर तिथे तेल शिरत नसे, आणि फोटोत घूस लागलेल्या बटाट्यासारखा खड्डा दिसे. गाठीच्या पोटात काय चाललंय, हे पहिल्यांदाच बाहेरून दिसत होतं. पण पावलावर चीर द्यावी लागत होतीच, आणि काम फार नाजूक होतं.

मग सीटी स्कॅन आला. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा फोटो निघाला. ती रुग्ण एक स्त्री होती. पुढे असं यंत्र सगळ्या शरीरासाठी तयार झालं, मागोमाग एमआरआय आला, आणि पावलावर चीर देण्याची गरज संपली. काही मिनिटांत सगळ्या गाठी दिसू लागल्या.

पण एक गोष्ट हातची गेली. किनमाँथच्या तेलाने गाठीच्या आतलं दाखवलं होतं. सीटी आणि एमआरआय मुख्यतः आकार दाखवत होते. मग डॉक्टरांनी मापाचा नियम ठरवला. साधारण एक सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ संशयाची, लहान असेल ती ठीक. आता अवधाण आठवा. काटा मोडल्यावर आलेली गाठ चांगली सुपारीएवढी होते, तिच्यात कॅन्सरचा मागमूस नसतो. आणि चार-पाच मिलिमीटरच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या गाठीत कॅन्सर दडून बसलेला असू शकतो. माणसाची उंची मोजून त्याचा स्वभाव सांगावा, तसं हे झालं.

या अडचणीवर एक सुंदर उपाय निघाला. त्याची हकिगत जरा सावकाश सांगतो. अमेरिकेतलं बोस्टन आणि नेदरलँडमधलं नायमेगेन, या दोन ठिकाणच्या डॉक्टरांनी मिळून ८० पुरुषांचा अभ्यास केला. त्यांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर होता. त्यांना शिरेतून लोहाचे अतिसूक्ष्म कण दिले, डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतके बारीक. निरोगी गाठीत सफाई करणाऱ्या पेशी असतात, त्या हे कण गिळतात. एका दिवसाने एमआरआय काढला की लोह भरलेली निरोगी गाठ काळी दिसते. जिथे कॅन्सर बसला आहे तिथे त्या सफाईवाल्या पेशी उरलेल्या नसतात, म्हणून तो भाग काळा होत नाही, पांढुरकाच राहतो. आकाराचा प्रश्नच मिटला. गाठ तिचं नेहमीचं काम करते का, हे फोटोच सांगू लागला.

हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ३३४ गाठी काढून किंवा सुईने तपासल्या होत्या, त्यांतल्या ६३ गाठींत कॅन्सर होता. त्या ६३ पैकी ४५ गाठी मापाच्या नियमाने निर्दोष ठरल्या असत्या. साध्या एमआरआयने कॅन्सरच्या शंभर गाठींतल्या ३५ ओळखल्या, लोहकणांच्या एमआरआयने ९०. आणि ज्या ज्या रुग्णाच्या गाठीत कॅन्सर होता, तो प्रत्येक रुग्ण या तपासणीने ओळखला.

तुम्हाला वाटेल, मग प्रश्न सुटला. सुटला नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने २००५ मध्ये या कणांना पाठिंबा दिला नाही, आणि युरोपातला परवानगीचा अर्ज २००७ मध्ये मागे घेतला गेला. एका अभ्यासातला लखलखीत निकाल आणि रोजच्या दवाखान्यातला भरवसा यांत अंतर असतं. नायमेगेनच्या डॉक्टरांनी काही वर्षांनी हे काम पुन्हा हातात घेतलं. पण आपल्या जिल्ह्याच्या गावी जाऊन सांगता येईल, अशी ही तपासणी झालेली नाही.

तोवर दुसरी एक वाट रुंद झाली होती, ती म्हणजे पेट स्कॅन. कॅन्सरच्या पेशींना साखरेची भूक जास्त. १९७६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात पहिल्यांदा माणसाला किरणोत्सारी साखर टोचली. ती तयार झाली होती ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत, आणि विमानाने आणली होती. कारण तिची निम्मी ताकद सुमारे ११० मिनिटांत संपते. साखर जिथे जास्त खाल्ली जाते तिथे फोटोत ठिपका उजळतो. आपल्या देशातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला.

पेट स्कॅनलाही दोन खोडी आहेत. एक म्हणजे काही मिलिमीटरचा बारीक कॅन्सर त्याला दिसत नाही. आणि दुसरी आपल्या देशात फार महत्त्वाची. टीबीच्या गाठीही साखर खातात. मानेतल्या टीबीच्या गाठींना आपण गंडमाळ म्हणतो. तीही पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारखीच उजळते. म्हणून ठिपका दिसला की घाबरून जाऊ नका. सुईने किंवा तुकडा काढून तपासल्याशिवाय त्या ठिपक्याला कॅन्सर म्हणत नाहीत.

पुरुषांच्या प्रोस्टेटसाठी आता साखरेऐवजी त्या कॅन्सरलाच चिकटणारं द्रव्य वापरून पेट स्कॅन करतात. ऑस्ट्रेलियातल्या ३०२ पुरुषांच्या अभ्यासाचा निकाल २०२० मध्ये आला. जुन्या पद्धतीचे फोटो शंभरांत ६५ वेळा बरोबर, नवा ९२ वेळा. घरातल्या माणसांसाठी हे लक्षात ठेवा.

आता पहिल्या बाईच्या जावेकडे वळू. फोटोंची ही शर्यत चालू असताना शल्यविशारदांनीही एक मधली वाट काढली होती. १९९२ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड मॉर्टन यांनी कातडीच्या कॅन्सरसाठी, आणि १९९४ मध्ये आर्मांडो ज्युलियानो यांनी स्तनाच्या कॅन्सरसाठी निळा रंग टोचून पाहिला. पाटाचं पाणी ज्या गाठीत सर्वांत आधी पोहोचतं, ती निळी होते. ही वेशीवरच्या राखणदारासारखी. ती एक-दोन गाठी काढून तपासायची. त्या स्वच्छ असतील तर बाकीची काख वाचली. इटलीत मिलानला उम्बेर्तो वेरोनेसी यांनी ५१६ स्त्रियांवर हे तपासून पाहिलं, आणि २००३ मध्ये सांगितलं की राखणदार गाठ भरवशाची आहे. या एका गोष्टीने जगभर असंख्य बायकांचे हात वाचले.

आणि मग पाळी आली सगळ्यांत साध्या यंत्राची, सोनोग्राफीची. हे यंत्र आपल्या ओळखीचं, तालुक्याच्या गावी असलेलं. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी आवाजाच्या लहरींनी पोटात पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पोटाचा कॅन्सर आहे, आता उपाय नाही, असं सांगितलेल्या एका बाईच्या पोटात त्यांना अंडाशयाची पाण्याने भरलेली गाठ दिसली. ती काढली, बाई वाचली. त्याच यंत्राने पुढे आपल्याकडे किती मुलींना जन्माआधीच मारलं, हे तुम्हाला सांगायला नको. त्याविरुद्ध महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाटी लावलेली असते. म्हणून या यंत्राचं नाव निघालं की आपल्या मनात दोन गोष्टी येतात. आज आपण त्याची चांगली बाजू पाहत आहोत.

सोनोग्राफी गाठीचं नुसतं माप घेत नाही. निरोगी गाठ घेवड्याच्या बीसारखी लांबट, मधे पांढरा गर, कडेला पातळ साल. कॅन्सर शिरला की साल जाड होते, गर दाबला जातो, गाठ गोल होते. संशय आला तर त्याच वेळी पडद्यावर पाहत सुई घालता येते.

२०१२ ते २०१७ या काळात मिलानच्या संस्थेच्या पुढाकाराने चौदाशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. सगळ्यांचा स्तनातला कॅन्सर दोन सेंटिमीटरपर्यंतचा आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ. निम्म्या जणींची राखणदार गाठ काढली, निम्म्या जणींच्या काखेला हातच लावला नाही. निकाल २०२३ मध्ये आला. पाच वर्षांनी, शरीरात दूर कुठे कॅन्सर न पसरता राहिलेल्या स्त्रिया पहिल्या गटात शंभरांत ९७.७ आणि दुसऱ्या गटात ९८. म्हणजे फरक नाहीच. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या आणखी मोठ्या अभ्यासाने २०२४ मध्ये तेच सांगितलं.

इथे एक आकडा मुद्दाम ऐका. ज्यांच्या राखणदार गाठी काढल्या, त्यांच्यातल्या शंभरांत जवळजवळ १४ जणींच्या गाठीत कॅन्सर निघाला होता. सोनोग्राफी स्वच्छ असताना! म्हणजे सोनोग्राफी चुकली होती. दुसऱ्या गटातल्याही साधारण तेवढ्याच जणींच्या काखेत कॅन्सर राहिला असणार. तरी त्यांचं नुकसान झालं नाही. कारण त्या लहान कॅन्सरवर स्तनाला दिलेलं रेडिएशन आणि सगळ्या शरीरात फिरणारी औषधं काम करत होती. ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हतं. पण ‘दिसत नाही’ इतकं कळणं तिथे पुरेसं होतं. पहिल्या बाईच्या जावेला डॉक्टरांनी जे केलं, ते हेच. अर्धं ऑपरेशन नव्हे, पूर्ण विचार करून केलेलं लहान ऑपरेशन. मात्र हे लहान गाठीसाठी, आणि बहुतांशी वयाने मोठ्या, सौम्य जातीचा कॅन्सर असलेल्या स्त्रियांसाठी सिद्ध झालं आहे. प्रत्येकीसाठी नाही.

मग दुसरीच्या आईची मान का चिरली? कारण गालाचा आणि जिभेचा कॅन्सर तसा वागत नाही. तिथे हॉल्स्टेडचं दार बरंचसं खरं आहे. तोंडाचा कॅन्सर आधी मानेत जातो, तिथे मुक्काम करतो आणि तिथूनच जीव घेतो. सुरुवातीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कॅन्सरमध्येही, मान वरून स्वच्छ असताना, शंभरातल्या वीस ते तीस जणांच्या मानेच्या गाठींत तो लपलेला सापडतो.

हे सगळ्या जगाला ठामपणे दाखवून दिलं आपल्याच मुंबईने. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये परळला सुरू झालं. तंबाखू, मिश्री, गुटखा, मावा, यांनी तोंडं खराब झालेली माणसं तिथे पिढ्यान्पिढ्या येत आहेत. मान स्वच्छ असेल तर गाठी आत्ताच काढाव्यात, की लक्ष ठेवून गाठ आली तरच काढाव्यात, यावर डॉक्टरांचा वाद पन्नास वर्षं चालला होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अभ्यास सुरू केला. बोटांना गाठ लागत नव्हती असे रुग्ण घेतले, मानेची सोनोग्राफीही केली. अर्ध्यांच्या मानेतल्या गाठी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या, अर्ध्यांवर लक्ष ठेवलं आणि गाठ उगवली तेव्हा काढली. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी आधीच गाठी काढलेल्यांतले शंभरांत ८० जण जिवंत होते, वाट पाहिलेल्यांतले ६७ किंवा ६८. दर आठ जणांमागे एक जीव वाचला. इथे ‘दिसत नाही’ पुरेसं नव्हतं.

पण मानेच्या बाबतीतही फोटोने सुरी थांबवल्याचं एक उदाहरण आहे. घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरवर रेडिएशन आणि किमोथेरपी एकदम देतात. पूर्वी त्यानंतर मान चिरून गाठी काढण्याचा प्रघात होता. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर पाहिलं, की उपचारानंतर बारा आठवड्यांनी पेट स्कॅन करायचा आणि तो स्वच्छ नसेल तरच मान उघडायची. २०१६ मध्ये निकाल आला. जगण्यात काही कमी पडलं नाही, आणि मानेची ऑपरेशनं एका गटात २२१ तर दुसऱ्यात अवघी ५४ झाली. म्हणजे तेच यंत्र, तीच मान, पण वेळ वेगळी आणि आधी झालेले उपचार वेगळे, म्हणून उत्तरही वेगळं.

मैत्रिणींनो, या हकिगतीतून आम्ही शिकलो ते एवढंच. यंत्र फक्त सांगतं, मला दिसलं किंवा मला दिसलं नाही. तेवढं पुरेसं आहे का, हे यंत्र सांगू शकत नाही. ते सांगतात हजारो बायका-पुरुष, ज्यांनी वर्षानुवर्षं अशा अभ्यासांत आपलं नाव घातलं आणि आपला हात, आपली मान पणाला लावली. त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत. आज आपल्या जावेचा हात सुजला नाही, तो त्यांच्यामुळे.

म्हणून पुढच्या वेळी कुणाबरोबर दवाखान्यात गेलात तर रिपोर्ट चांगला की वाईट, एवढंच विचारून उठू नका. विचारा, "डॉक्टर, या रोगात स्वच्छ रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा? या तपासणीने उपचारात काय बदलणार? गाठी काढल्या तर हाताची किंवा खांद्याची काळजी कशी घ्यायची?" हे प्रश्न उद्धट नाहीत. चांगल्या डॉक्टरला ते आवडतात.

आणि सोनोग्राफीची वेळ यायच्या आधीचं काम आपल्या हातात आहे. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, काखेत किंवा मानेत न दुखणारी गाठ तेवढे दिवस राहिली, स्तनात काही वेगळं लागलं, तर थांबू नका. मिश्रीचा डबा चुलीत टाका. अवधाण समजून वर्षभर लेप लावत बसू नका.

आम्ही त्या दोघींकडे पुन्हा गेलो. पहिलीच्या जावेने स्वतःच चहा केला, भरलेल्या हाताने, हिरव्या बांगड्या वाजवत. दुसरीने आईची फाइल पुढे केली. सगळी इंग्रजीत, घरात कुणी वाचलेली नव्हती. शेवटच्या पानावर प्रयोगशाळेची ओळ होती. मानेतून काढलेल्या २४ गाठींपैकी एकीत कॅन्सर सापडला, पाच मिलिमीटरचा. सोनोग्राफीत न दिसलेला. आम्ही ती ओळ मराठीत वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ती तिथं होती."

होती. आणि आता नाही.